गावच्या रस्त्याचे नियोजित काम : माहिती कशी मिळवावी व शेतीसाठी तिचा उपयोग कसा करावा

शेतमालाचे उत्पादन कितीही चांगले आले, तरी तो माल बिघाड न होता व योग्य वेळी बाजारात पोचला नाही, तर शेतकऱ्याच्या श्रमाचे चीज होत नाही. दूध दिवसातून दोन वेळा डेअरीत जावे लागते. टोमॅटो, केळी व द्राक्षे ही फळे खाचखळग्यांच्या रस्त्यावरील हादऱ्यांनी मार खातात व बाजारात त्यांची प्रत उतरते. ऊस तोडल्यानंतर जितका अधिक काळ शिवारात अडकून पडेल, तितके त्याचे वजन व साखरेचा उतारा घटतो. या कारणांमुळे बी-बियाणे, खत व पाणी यांच्याइतकाच रस्ता हाही शेतीच्या साधनांत मोडतो.

असे असूनही गावच्या रस्त्याचे काम केव्हा निघणार, ते कोणत्या बाजूने रुंद होणार, मोऱ्या कोठे बसणार, याची माहिती बहुतेक शेतकऱ्यांस प्रत्यक्ष यंत्रे शिवारात आल्यावरच होते. तोपर्यंत अंदाजपत्रक ठरून गेलेले असते, ठेका दिलेला असतो व साधी सूचना करावयाची म्हटले तरी उशीर झालेला असतो. वास्तविक अशा कामांची बरीचशी माहिती आता शासनाच्या संकेतस्थळांवर आगाऊ प्रसिद्ध होत असते. ती कोठे व कशी पाहावी आणि शेतीच्या दृष्टीने तिचा काय उपयोग करून घ्यावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

रस्ता कोणाचा, हे प्रथम पाहावे

माहिती शोधण्यापूर्वी आपला रस्ता कोणत्या वर्गात मोडतो, हे निश्चित करणे अत्यावश्यक आहे. १९४३ साली नागपूर येथे भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेत देशातील रस्त्यांची जी वर्गवारी ठरली, तीच थोड्याफार फरकाने आजही चालू आहे. ती अशी :

(१) राष्ट्रीय महामार्ग,
(२) राज्यमार्ग,
(३) प्रमुख जिल्हा मार्ग,
(४) इतर जिल्हा मार्ग,
(५) ग्रामीण मार्ग.

महाराष्ट्रात सामान्यतः राज्यमार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग हे सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग हे जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतात. राष्ट्रीय महामार्गांसाठी स्वतंत्र यंत्रणा आहे. कागदोपत्री या वर्गांचा उल्लेख 'रा.मा.', 'प्र.जि.मा.', 'इ.जि.मा.' व 'ग्रा.मा.' अशा आद्याक्षरांनी व पुढे क्रमांक घालून केलेला आढळतो. हा क्रमांक म्हणजे रस्त्याचे सरकारी नावच होय. गावात आपण ज्यास 'माळावरचा रस्ता' म्हणतो, तो निविदेत त्या नावाने सापडणार नाही. क्रमांकाने मात्र निश्चित सापडेल. हा क्रमांक ग्रामपंचायत कार्यालयात किंवा पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागात विचारून वहीत टिपून ठेवावा.

यांखेरीज शेतात जाणारे पाणंद रस्ते, शिवरस्ते व गाडीवाटा आहेत. यांपैकी पुष्कळांना वरीलप्रमाणे क्रमांक नसतो. त्यांचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

काम कोणत्या पायऱ्यांनी पुढे सरकते

रस्त्याचे काम एका दिवसात ठरत नाही. प्रथम गरजेचा प्रस्ताव जातो. नंतर निधीची तरतूद होते. तद्नंतर प्रशासकीय मान्यता मिळते; म्हणजे हे काम अमुक रकमेच्या मर्यादेत घेण्यास शासन अथवा जिल्हा परिषद तयार आहे, असे ठरते. त्यापुढे अभियंता सविस्तर अंदाजपत्रक तयार करतो व त्यास तांत्रिक मान्यता मिळते. मग निविदा निघते, ठेकेदार ठरतो, त्यास कार्यारंभ आदेश दिला जातो आणि शेवटी प्रत्यक्ष काम सुरू होते. काम पुरे झाल्यावरही ठराविक मुदतीपर्यंत दोष दुरुस्त करण्याची जबाबदारी ठेकेदारावर असते. तीस दोषदायित्व कालावधी म्हणतात.

या पायऱ्या ध्यानात ठेवण्याचे कारण असे की, माहिती ज्या पायरीवर मिळेल, त्यावर तिचा उपयोग अवलंबून असतो. तांत्रिक मान्यतेपूर्वी मोरीची जागा सुचविली, तर ती अंदाजपत्रकात घालणे अभियंत्यास सोपे जाते. निविदा निघाल्यानंतर तीच सूचना वाढीव काम ठरते व तीस नव्याने मंजुरी लागते. काम संपल्यावर मात्र केवळ तक्रार उरते. सबब, माहितीचा शोध प्रशासकीय मान्यतेच्या सुमारास सुरू करणे सर्वांत श्रेयस्कर होय.

माहिती कोठे पाहावी

(अ) शासन निर्णय. महाराष्ट्र शासनाचे सर्व विभागांचे निर्णय 'जीआर डॉट महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन' या संकेतस्थळावर प्रसिद्ध होतात. तेथे विभागाचे नाव व दिनांक निवडून शोध घेता येतो. रस्त्यांकरिता सार्वजनिक बांधकाम विभाग व ग्रामविकास विभाग हे दोन विभाग मुख्यतः पाहावेत. पाणंद रस्त्यांसाठी नियोजन (रोजगार हमी योजना) व महसूल हेही पाहावेत. कामांच्या याद्या पुष्कळदा निर्णयासोबतच्या परिशिष्टात असतात. त्यामुळे केवळ गावाचे नाव टाकून शोधल्यास काहीच हाती लागत नाही. निर्णय उघडून परिशिष्टात आपला जिल्हा व तालुका पाहणे, हाच खरा मार्ग होय. प्रत्येक निर्णयावर त्याचा संगणक संकेतांक छापलेला असतो. तो टिपून ठेवल्यास पुढील पत्रव्यवहारात संदर्भ देण्यास सोयीचे पडते.

(आ) ई-निविदा. ठराविक रकमेवरील सरकारी कामांच्या निविदा 'महाटेंडर्स डॉट जीओव्ही डॉट इन' या संकेतस्थळावर निघतात. निविदा भरण्यासाठी नोंदणी लागते. नुसती पाहण्यासाठी ती लागत नाही. तेथे संस्थेच्या नावावरून शोध घ्यावा व आपली जिल्हा परिषद किंवा बांधकाम मंडळ निवडावे. बंद झालेल्या निविदांचे निकालही तेथे पाहता येतात. अगदी लहान कामे तेथे दिसतीलच असे नाही. त्यांची चौकशी ग्रामपंचायतीत वा पंचायत समितीत करावी.

(इ) प्रधानमंत्री ग्राम सडक योजना. ही योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली. प्रारंभी सपाट प्रदेशातील ५०० व डोंगरी, आदिवासी आणि वाळवंटी भागांतील २५० किंवा त्याहून अधिक लोकवस्तीच्या न जोडलेल्या वस्त्या बारमाही रस्त्याने जोडणे हा तिचा हेतू होता. २०१९ मध्ये मंजूर झालेल्या तिसऱ्या टप्प्यात १,२५,००० कि.मी. लांबीच्या मार्गांची सुधारणा हाती घेण्यात आली. वस्त्या ग्रामीण शेतमाल बाजार, उच्च माध्यमिक शाळा व रुग्णालये यांना चांगल्या रस्त्याने जोडणे, हे या टप्प्याचे सूत्र होते. सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळालेल्या चौथ्या टप्प्यात २०२४-२५ ते २०२८-२९ या काळात २५,००० वस्त्यांसाठी ६२,५०० कि.मी. रस्ते बांधण्याचे ठरले असून, लोकसंख्येचा आधार २०११ ची जनगणना हा आहे.

या योजनेचा सर्व हिशेब व प्रगती ठेवणारी संगणकीय व्यवस्था 'ओमास' या नावाने ओळखली जाते. तीतील नागरिकांसाठी खुल्या असलेल्या भागात राज्य, जिल्हा व तालुका निवडून मंजूर रस्ते, त्यांची लांबी, मंजूर रक्कम, कामाची प्रगती व गुणवत्ता निरीक्षकांच्या तपासण्या पाहता येतात. याच योजनेचे नकाशे 'जिओसडक' या संकेतस्थळावर आहेत. 'मेरी सडक' हे मोबाईलवरील ॲप जुलै २०१५ पासून उपलब्ध असून, त्यातून रस्त्याच्या दोषाचे छायाचित्र स्थळाच्या नोंदीसह पाठविता येते. राज्यशासनाची मुख्यमंत्री ग्राम सडक योजना २०१५ पासून चालू झाली. तीतील कामांच्या मंजुरीचे निर्णय वर (अ) मध्ये सांगितलेल्या ठिकाणी पाहावेत.

(ई) ग्रामपंचायत विकास आराखडा. गावठाणातील व वस्तीवरील लहान रस्ते, त्यांच्या कडेची गटारे वगैरे कामे ग्रामपंचायत आपल्या वार्षिक आराखड्यात घेते. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या 'ई-ग्रामस्वराज' या संकेतस्थळावर प्रत्येक ग्रामपंचायतीचा आराखडा, त्यातील कामे व खर्च वर्षवार पाहता येतो. आपल्या गावाचा आराखडा एकदा तरी प्रत्येकाने उघडून पाहावा. ग्रामसभेत जे ठरले ते आराखड्यात उतरले किंवा नाही, याचा पडताळा त्यावरून मिळतो.

(उ) गाव नकाशा. 'महाभूनकाशा' या संकेतस्थळावर गट क्रमांकानुसार जमिनीचा नकाशा पाहता येतो. नियोजित रस्ता कोणत्या गटांच्या बांधाला लागून जातो, याचा अंदाज घेण्यास तो उपयोगी पडतो. मात्र पडद्यावरील नकाशा म्हणजे मोजणी नव्हे. हद्दीचा प्रश्न निघाल्यास भूमी अभिलेख कार्यालयाकडून रीतसर मोजणी करून घेण्यास पर्याय नाही.

शोध घेताना येणाऱ्या अडचणी

या संकेतस्थळांपैकी पुष्कळांवरील मजकूर इंग्रजीत असतो आणि गावांची नावे इंग्रजी लिपीत निरनिराळ्या तऱ्हांनी लिहिलेली असतात. 'वाडगाव' व 'वडगाव' यांतील फरक तेथे दिसत नाही; 'पिंपळगाव' हे नाव कोठे एका प्रकारे, तर कोठे दुसऱ्या प्रकारे लिहिलेले असते. एका जिल्ह्यात एकाच नावाची चार-पाच गावेही असतात. यास्तव एका शब्दावर विसंबून राहू नये. जिल्हा, तालुका, रस्त्याचा वर्ग व क्रमांक या क्रमाने शोध घ्यावा. शक्य तर गावाचा जनगणना संकेतांक माहीत करून घ्यावा.

घरात संगणक नसला तरी चालते. मोबाईलवर ही संकेतस्थळे उघडतात. गावातील महाविद्यालयात जाणारी मुले-मुली हे काम सहज करू शकतात. ज्यांना तेही शक्य नाही, त्यांनी ग्रामपंचायतीतील आपले सरकार सेवा केंद्रात चौकशी करावी. शेतकरी गटाने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एका सभासदाकडे हे काम सोपवावे व मिळालेली माहिती फलकावर लावावी, ही रीत विशेष सोयीची आहे.

निविदेत काय वाचावे

निविदेची कागदपत्रे पुष्कळ पानांची असली, तरी शेतकऱ्याच्या उपयोगाच्या गोष्टी मोजक्याच असतात.

१. कामाचे नाव व साखळी क्रमांक. उदाहरणार्थ, 'कि.मी. ०/०० ते २/५००' असे लिहिले असल्यास काम रस्त्याच्या आरंभापासून अडीच किलोमीटरपर्यंतच आहे. आपले शेत त्यापुढे असेल, तर ते काम आपल्यापर्यंत पोचणार नाही. पुष्कळ गैरसमज एवढे न वाचल्याने होतात.

२. कामाचा प्रकार. केवळ खड्डे भरणे, साइडपट्टी भरणे, खडीकरण, डांबरीकरण, रुंदीकरण किंवा सिमेंट काँक्रीटचा रस्ता, यांतील काय करावयाचे आहे ते पाहावे.

३. मोऱ्या व गटारे. त्यांची संख्या, जागा व नळ्यांचा व्यास पाहावा.

४. मुदत. काम किती महिन्यांत पुरे करावयाचे आहे व त्यात पावसाळा धरला आहे काय, हे पाहावे.

५. दोषदायित्व कालावधी. प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेत काम पुरे झाल्यापासून ५ वर्षे देखभाल करण्याची जबाबदारी त्याच ठेकेदारावर असते. इतर कामांत ही मुदत कामाच्या प्रकारानुसार बदलते.

शेतीसाठी उपयोग

पाण्याचा निचरा. शेतीच्या दृष्टीने ही बाब सर्वांत महत्त्वाची आहे. रस्ता उंच झाला आणि मोरी चुकीच्या जागी बसली अगर बसलीच नाही, तर वरच्या अंगाचे पाणी रस्त्याला अडून शेतात तुंबते. तूर, कापूस व डाळिंब ही पिके मुळाशी पाणी साचून राहणे सहन करीत नाहीत. भारी काळ्या जमिनीत तर हे नुकसान दरवर्षीचे होऊन बसते. अभियंत्याची पाहणी बहुधा कोरड्या हंगामात होत असल्यामुळे पावसाळ्यातील ओघळ त्याच्या दृष्टीस पडत नाही. तो शेतकऱ्यासच ठाऊक असतो. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये रस्त्यावरून पाणी कोठून वाहते, याची छायाचित्रे घेऊन ठेवावीत. जवळच्या किलोमीटरच्या दगडापासून त्या जागेचे अंतर मोजावे आणि ते लेखी अर्जासह उपअभियंत्यास द्यावे. 'आमच्या शेतात पाणी साचते' या नुसत्या तक्रारीपेक्षा 'कि.मी. १/३५० येथे ओघळ आहे, तेथे मोरी घ्यावी' हे निवेदन अधिक कार्यकारी ठरते.

पाइपलाइन. समजा, एका शेतकऱ्याची विहीर रस्त्याच्या एका अंगास व जमीन दुसऱ्या अंगास आहे आणि येत्या दोन वर्षांत ठिबक संच बसविण्याचा त्याचा विचार आहे. डांबरीकरण झाल्यावर रस्ता फोडण्यास परवानगी मिळणे कठीण जाते, खर्च वाढतो व रस्ताही कमकुवत होतो. काम निघण्यापूर्वीच रस्ता ज्यांच्याकडे आहे त्या कार्यालयाची लेखी परवानगी घेऊन भरावाखाली सिमेंटचा नळा टाकून ठेवला, तर पुढे त्यातून पाइप ओढून घेता येतो. गावातील अशा सर्व शेतकऱ्यांनी एकत्रित अर्ज केल्यास ठिकाणेही कमी लागतात.

फळबाग व बांधकाम. रुंदीकरण व्हावयाचे असेल, तर रस्त्याच्या कडेला नवीन फळझाडे, कुंपण, विहीर, कांदाचाळ किंवा शेड उभारण्यापूर्वी रस्त्याची हद्द कोठवर आहे, याची चौकशी करावी. आंबा वा डाळिंबाचे झाड फळावर येईपर्यंत जी वर्षे व जो पैसा लागतो, तो पाहता महिनाभराचा धीर धरणे केव्हाही परवडते. मोठ्या मार्गांच्या कडेला बांधकामासाठी मार्गाच्या मध्यापासून ठराविक अंतर सोडावे लागते. ते संबंधित बांधकाम कार्यालयातून लेखी विचारून घ्यावे.

हंगामाची आखणी. रस्त्यांची कामे पावसाळा संपल्यावर जोर धरतात आणि ऊसतोडणी, द्राक्षकाढणी व रब्बी मालाची वाहतूकही नेमकी त्याच सुमारास असते. कामाची मुदत आधी कळल्यास पर्यायी वाट दुरुस्त करून घेणे, दूधगाडीची वेळ बदलणे, साखर कारखान्याच्या शेतकी विभागास तोडणीच्या क्रमाबद्दल कळविणे, या गोष्टी करता येतात. काम चालू असताना उडणारी धूळ द्राक्षे, भाजीपाला व तुतीचा पाला यांना बाधक ठरते. रस्त्यावर पाणी मारण्याची तरतूद कामात आहे काय, हे विचारावे व असल्यास तिचा आग्रह धरावा.

जमीन देताना घ्यावयाची दक्षता

प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेच्या निधीतून जमीन खरेदीचा खर्च देता येत नाही. जमीन उपलब्ध करून देणे ही राज्याची जबाबदारी असते. अंदाजपत्रकापूर्वी अभियंत्याने सरपंच, तलाठी व ग्रामस्थ यांच्यासह रस्त्याच्या संपूर्ण आखणीवरून पायी फिरून पाहणी करावी, असा या योजनेचा दंडक आहे. या पायी पाहणीच्या दिवशी आखणीलगतच्या प्रत्येक शेतकऱ्याने स्वतः हजर राहणे अगत्याचे आहे. आपल्या सूचना तेथेच नोंदवून घ्याव्यात. रस्त्यासाठी स्वखुशीने जमीन द्यावयाची असल्यास संमतीपत्रावर गट क्रमांक, लांबी, रुंदी व क्षेत्र स्पष्ट लिहिलेले असल्याखेरीज सही करू नये. सामाईक खाते असल्यास सर्व सहहिस्सेदारांस विचारावे. सहीच्या कागदाची प्रत आपल्याजवळ ठेवावी.

राष्ट्रीय महामार्गासाठी भूसंपादन व्हावयाचे असेल, तर मुदतीकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ च्या कलम ३ (ए) अन्वये संपादनाच्या हेतूची अधिसूचना केंद्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध होते आणि तिचा मजकूर दोन स्थानिक वर्तमानपत्रांत, त्यांपैकी एकात स्थानिक भाषेत, द्यावा लागतो. राजपत्रातील प्रसिद्धीपासून केवळ २१ दिवसांत कलम ३ (सी) खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी हरकत घेता येते. ही मुदत उलटल्यावर कलम ३ (डी) ची अधिसूचना निघाली, म्हणजे जमीन केंद्र शासनाकडे निहित होते व त्यानंतर प्रश्न मुख्यतः मोबदल्याचा उरतो. राजपत्रे 'ई-गॅझेट' या संकेतस्थळावर पाहता येतात. महामार्गाची चर्चा असलेल्या गावांनी त्यावर नियमित नजर ठेवावी. २०१३ च्या भूसंपादन अधिनियमाखाली संपादन होत असल्यास कलम ११ च्या प्रारंभिक अधिसूचनेनंतर कलम १५ अन्वये हरकतीस ६० दिवसांची मुदत असते. इतर अधिनियमही काही प्रसंगी लागू होतात. म्हणून हाती आलेल्या नोटिशीवरील अधिनियमाचे नाव, कलम व दिनांक या तीन गोष्टी प्रथम वाचाव्यात.

पाणंद व शेतरस्ते

शेतरस्त्यांसाठी राज्यशासनाने २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये 'मातोश्री ग्राम समृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना' जाहीर केली होती. त्यानंतरही या विषयावर वेळोवेळी नवे निर्णय निघाले आहेत. त्यामुळे जुन्या निर्णयाची प्रत हाती घेऊन अर्ज करण्यापेक्षा, शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर अगदी अलीकडील निर्णय पाहून मगच पुढील पाऊल उचलावे. २०२५ च्या मे महिन्यात महसूल विभागाने शेतरस्त्यांची नोंद सातबारा उताऱ्याच्या 'इतर हक्क' या सदरात घेण्याविषयी निर्णय काढला. वाटेचे तंटे कमी होण्याच्या दृष्टीने ही नोंद मोलाची आहे.

वाटच नसेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ अन्वये बांधावरून वाट मिळण्यासाठी तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. असलेली वहिवाटीची वाट कोणी अडविली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ चा आधार घेता येतो. मात्र त्यासाठी अडथळा झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो. असे असले तरी शेजाऱ्या-शेजाऱ्यांनी बसून सामोपचाराने वाट ठरविणे व ती सातबाऱ्यावर नोंदविणे, हाच सर्वांत कमी खर्चाचा उपाय होय.

माहिती न मिळाल्यास

संकेतस्थळावर नोंद नाही, म्हणजे काम नाही, असा अर्थ काढू नये. नोंदी उशिराने चढविल्या जातात. त्याचप्रमाणे नोंद आहे म्हणजे काम उद्याच सुरू होईल, असेही समजू नये. मंजूर कामे निधी, जागा किंवा निविदेस प्रतिसाद न मिळणे या कारणांनी रेंगाळतात. यास्तव संकेतस्थळावरील माहितीचा कार्यालयात जाऊन पडताळा घ्यावा.

तेथेही समाधान न झाल्यास माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ चा उपयोग करावा. अर्जाचे शुल्क १० रुपये असून, उत्तर सामान्यतः ३० दिवसांत मिळावयास हवे. महाराष्ट्रात असा अर्ज शासनाच्या संकेतस्थळावरूनही करता येतो. अर्ज एकाच विषयाचा व १५० शब्दांच्या आत असावा. 'रस्त्याची सर्व माहिती द्यावी' असे मोघम न लिहिता, 'अमुक ग्रा.मा. क्रमांकाच्या कामाचे मंजूर अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश व मोऱ्यांच्या जागांचा तक्ता यांच्या प्रती द्याव्यात' असे नेमके लिहावे. या अधिनियमातील माहितीच्या अधिकारात कामाची पाहणी करण्याचा व साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही समावेश आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

ग्रामसभेचे महत्त्व या सर्वांहून अधिक आहे. एकट्याचा अर्ज टेबलावर पडून राहू शकतो. ग्रामसभेचा ठराव नोंदवहीत कायम राहतो. मोऱ्यांच्या जागा, पाइपलाइनची ठिकाणे व पर्यायी वाट यांचा एकत्रित ठराव करून तो अभियंत्याकडे पाठवावा.

शेतकऱ्यांचीही जबाबदारी

रस्ता झाल्यावर तो टिकविणे काही अंशी आपल्याच हाती असते. काळी माती पाणी प्यायल्यावर फुगते व वाळल्यावर भेगाळते. तीवर बांधलेल्या रस्त्याच्या कडेला पाणी मुरत राहिले, तर वरचे डांबर कितीही चांगले असले तरी रस्ता खचतो. म्हणून साइडपट्टीपर्यंत नांगर घालू नये. पाटाचे पाणी रस्त्यावर सोडू नये. कडेच्या चरात माती वा पाचट टाकून ती बुजवू नये. चिखलणीची लोखंडी चाके लावलेला ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावरून नेऊ नये. एका शेतकऱ्याने बुजविलेल्या चरामुळे पुढील दहा जणांच्या शेतात पाणी तुंबते, हे ध्यानी धरावे.

सारांश

(१) आपल्या रस्त्याचा वर्ग व क्रमांक माहीत करून घ्यावा.
(२) शासन निर्णय, ई-निविदा, ओमास व ई-ग्रामस्वराज ही चार ठिकाणे महिन्यातून एकदा पाहावीत.
(३) पाण्याच्या ओघळांची नोंद पावसाळ्यातच करावी व मोरीची मागणी अंदाजपत्रकापूर्वी, साखळी क्रमांकासह, लेखी करावी.
(४) पाइपलाइन, फळबाग व बांधकाम यांचा निर्णय रस्त्याच्या हद्दीची चौकशी करूनच घ्यावा.
(५) संमतीपत्र पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नये. भूसंपादनाच्या हरकतीची मुदत चुकवू नये.
(६) वैयक्तिक अर्जाला ग्रामसभेच्या ठरावाची जोड द्यावी.

खरिपाची पेरणी आटोपल्यावर जो थोडा अवकाश मिळतो, त्यात या कामास आरंभ करणे योग्य होईल. ओघळ त्याच वेळी डोळ्यांसमोर वाहत असतात आणि पुढील हंगामातील कामांची अंदाजपत्रके तयार होण्यास अद्याप अवधी असतो. तेव्हा प्रत्येक गावच्या शेतकरी गटाने येत्या पावसाळ्यात आपल्या रस्त्याची एक वही सुरू करावी व तीत किलोमीटरवार ओघळ, मोऱ्या व अडचणीच्या जागा नोंदवाव्यात. अभियंता पाहणीस येईल, त्या दिवशी ती वही त्याच्या हाती द्यावी.